चुगलीचा रकाना

विनिताच्या घड्याळाचा पट्टा मंगळवारी तुटला आणि घरातल्या संशयालाही त्याच दिवशी तोंड फुटलं.

घड्याळ म्हणजे ते काळं, रबरी पट्ट्याचं, पावलं मोजणारं. लेक ठकी सहा महिन्यांची झाली तेव्हा विघ्नेशनं बायकोला ते हौसेनं आणून दिलं होतं. "आता जरा स्वतःकडे बघ," असं तो म्हणाला होता, आणि स्वतःकडे बघायचं म्हणजे रोज सकाळी धावायला जायचं, असा त्याचा अर्थ घरात सर्वानुमते ठरला होता. वेळ सव्वासहा ते साडेसात. तेवढ्यात ठकीला आजी सांभाळणार, चहा विघ्नेश टाकणार आणि विनिता धावणार.

मंगळवारी विघ्नेश तो तुटका पट्टा खिडकीपाशी उजेडात धरून उभा होता. विघ्नेश एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. म्हणजे माणसाची गाडी आपणहून खड्ड्यात गेली की तिला खड्ड्यापर्यंत नेण्यात आलं, हे ठरवण्याचा त्याला पगार मिळतो. असा माणूस नवरा म्हणून चांगला असतो, फक्त त्याच्या घरात वस्तू तोडू नये. त्यानं विनिताचा भुवयांचा चिमटा घेतला आणि बकलातून काहीतरी ओढून काढलं.

"विनू, हा काथ्या आहे."

"असेल."

"धावताना मनगटाला काथ्या कसा लागतो?"

"पायपुसण्याचा असेल."

"पायपुसणं तू हातानं वापरतेस?"

यमुनाबाई, म्हणजे विनिताच्या सासूबाई, ठकीचं खिमट ढवळता ढवळता थांबल्या. "आणि ते गालावर रोज काय उमटतं गं तुझ्या? आडव्याउभ्या रेघा?"

"घाम आई, घाम."

"घाम मीही जन्मभर गाळलाय. मला कधी चौकटी नाही उमटल्या."

आता वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. घरात लपवायचं होतं तेवढंच विनिताला पुरेसं झालं होतं. विनिता धावत नव्हती. विनिता झोपत होती.

पहिल्या दिवशी ती खरोखर धावली होती, हे तिच्या बाजूनं नोंदवायला हवं. वळणापर्यंत धावली, पुढे चालली, आणि मग आगाशीकडे जाणारी शेअर रिक्षा आपणहून समोर येऊन थांबली. तिला वाटलं, नंदाखालला प्रिस्काच्या घरी घोटभर पाणी पिऊन परतू. प्रिस्का तिची कॉलेजातली मैत्रीण. ती शाळेत शिकवते, सकाळी सहालाच बाहेर पडते. घरी होती तिची आई, कार्मिनमावशी. मावशीनं विनिताचा चेहरा एकदा नीट बघितला, ओटीवरची काथ्याची खाट केळींच्या सावलीत ओढली आणि म्हणाली, "टेक गं पोरी. पाणी आणते." पाणी आलं तेव्हा विनिता आडवी झालेली होती. ते पाणी ती प्यायली पाऊण तासानं.

पाऊण तास! तोही अख्खा, मधे न मोडलेला! घरात तान्हं मूल नाही त्यांना या शब्दांतली श्रीमंती कळायची नाही. ठकी गुणाची होती, हसरी होती, तिच्या टाळूला दुधाचा आणि उन्हाचा असा काही वास यायचा की विनिता दिवसातून वीसदा तिथं नाक खुपसायची. पण ठकीला एक विद्या जन्मतःच येत होती. आई भांडी घासत असली, फोनवर बोलत असली, तर ठकी पाळण्यात समाधी लावून. आईचा डोळा लागला की पाळण्यातून पहिला सूर. भिंतीपलीकडूनसुद्धा तिला ते कळायचं.

"मला तासभर झोपू द्या," असं विनितानं सांगून बघितलं नव्हतं असं नाही. यमुनाबाई म्हणाल्या होत्या, "उजाडल्यावर झोपलं की अंग जड होतं." विघ्नेश म्हणाला होता, "रविवारी झोप ना, पोटभर." त्या रविवारी त्याचे मामा-मामी जेवायला आले. धावण्यावर मात्र कुणाचीच हरकत नव्हती. धावणारी सून असण्यात एक शोभा आहे, झोपणाऱ्या सुनेत ती नाही.

अडचण फक्त घड्याळाची होती. पहिल्या दिवशी त्यानं अठराशे पावलं दाखवली आणि विघ्नेशनं "सव्वा तासात एवढीच?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी यावर तोडगा काढला तो मावशीनं. "काढ ते, आणि आमच्या काळूरामच्या हाताला बांध. तो मेला एक मिनिट बसत नाही."

काळूराम वाडीतला कामकरी. वय पन्नाशीचं, अंगात चरबी औषधालाही नाही. केळीला पाणी सोडणं, आळी करणं, फुलं तोडणं आणि मावशीच्याच नव्हे तर आजूबाजूच्या वाड्यांतल्याही माडांवर चढून नारळ उतरवणं, ही त्याची सकाळ. त्यानं घड्याळ उलटंपालटं करून बघितलं. "बांधा की. मला काय त्याचं वजन व्हनार? पन पान्यात चालंल ना?"

पाण्यात चाललं. विनिता रोज चौदा हजार पावलं चालू लागली.

इथं सदानंदकाका आले. काका सोसायटीचे सेक्रेटरी. तीस वर्षं पाणीखात्यात मीटर तपासून निवृत्त झालेले. कुठलाही आकडा बघितला की त्यांचे डोळे बारीक व्हायचे, पण विनिताचा आकडा बघून ते प्रथमच मोठे झाले. त्यांनी सोसायटीत 'पाऊल मोहीम' काढली होती आणि तीत आजवर ते स्वतः आणि लिफ्टचा दुरुस्तीवाला, असे दोनच सभासद होते. आता लिफ्टशेजारच्या फळ्यावर विनिताचं नाव लागलं. बी विंगच्या बायका तिला थांबवून आहार विचारू लागल्या. ती काय सांगणार? खाट, केळीची सावली आणि निघताना मावशीनं हातात कोंबलेली दोन सुकेळी.

"धावायला गेलं की वाळवलेली केळी कुठून मिळतात गं?" हाही यमुनाबाईंचा एक प्रश्न होता. तो अजून निकालात निघाला नव्हता.

तर पट्टा तुटला, तो माडाच्या बुंध्यावर घासून. विघ्नेशनं घड्याळाच्या कंपनीकडे रीतसर दावा लावला. फॉर्म भरला, चार बाजूंनी फोटो काढले, 'नुकसानीचे कारण' या चौकटीत 'नियमित धावणे' असं लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं: 'पट्ट्यावर खडबडीत पृष्ठभागावर वारंवार घासल्याच्या खुणा आहेत. असे नुकसान धावण्यामुळे संभवत नाही. दावा नामंजूर.' अशी पत्रं विघ्नेश स्वतः दिवसाला पंधरा लिहितो. पण आपल्याला आलेलं वाचून त्याचा चेहरा असा झाला की विनितानं त्याला न मागता दुसरा चहा दिला.

"माझ्या बायकोला खोटं ठरवतात! आता असं घड्याळ घेतो की कुणी बोट दाखवायला नको."

त्यानं लॅपटॉपवर तक्ता केला. तीन घड्याळं, तीन रकाने. किंमत, टिकाऊपणा, सॉफ्टवेअर. विनिता ठकीला मांडीवर थोपटत मागे बसली आणि तिनं मनातल्या मनात चौथा रकाना आखला. चुगली.

पहिलं घड्याळ अडीच हजारांचं. पट्टा वर्षभर टिकला तर नशीब. सॉफ्टवेअर असं की पावलं मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचं. चुगली शून्य. विनिताला ते बघताक्षणी सज्जन वाटलं.

दुसरं नऊ हजारांचं. काच बरी, बॅटरी आठवडाभर. नाडी मोजणार, झोप मोजणार आणि दर रविवारी घरच्यांना अहवाल पाठवणार. चुगली घरगुती, नणंदेच्या पातळीवरची.

तिसरं अठरा हजारांचं. काचेवर ओरखडा उठत नाही, पन्नास मीटर खोल पाण्यात बुडत नाही, उपग्रहावरून नकाशा काढतं, किती मजले चढलात ते सांगतं, आणि पडलात तर एका मिनिटात घरच्यांना कळवतं. ही चुगली नव्हती, हे पोलीस खातं होतं.

"मला पहिलंच आवडलं," विनिता म्हणाली.

विघ्नेशनं मान वळवली. "पण त्यात काहीच नाहीये."

"तेच तर. साधं आहे. मला काय करायचाय उपग्रह? नंदाखालचा रस्ता मला पाठ आहे."

"अठरा हजारांचं देतोय तर अडीच हजारांचं मागतेस?" त्याच्या आवाजात आता ऑफिसचा वास येऊ लागला. सोळा साड्या बघून सतरावी घेणारी बायको एकाएकी स्वस्तात मस्त म्हणू लागली, तर दावे तपासणाऱ्या माणसानं काय समजायचं?

"टिकाऊपणा बघ ना," विनितानं दुसरीकडून धरलं. "महाग वस्तू आपल्याकडे टिकत नाहीत. ठकी चावेल."

ठकीनं तेवढ्यात लॅपटॉपची कड चावून आईच्या बाजूनं साक्ष दिली. पण दारात सदानंदकाका उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मीटर घेताना किंमत बघायची नसते, विघ्नेश," काका आत येत म्हणाले. "एकच बघायचं. त्याला फसवता येतं का? जे फसत नाही ते घ्यायचं. काय विनिता, बरोबर ना?"

"अगदी बरोबर, काका," विनिता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

पोलीस खातं सोमवारी घरी आलं. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव विनिताचं, पण नकाशा, मजले आणि अडचणीचे निरोप, सगळं विघ्नेशच्या फोनवर. मंगळवारी ते काळूरामच्या मनगटावर गेलं. "ताई, ह्यो जुन्यापरीस जड हाय," तो म्हणाला. विनितानं एक हुशारी केली होती. रिक्षातून उतरून वाडीत पोचेपर्यंत ती घड्याळ सुरूच करायची नाही. त्यामुळे नकाशात रिक्षा आली नाही. आली ती फक्त वाडी.

"तू रोज एकाच वाडीत गोल गोल धावतेस?" विघ्नेशनं संध्याकाळी नकाशा मोठा करून विचारलं.

"तिथली माती मऊ आहे. गुडघ्यांना बरी."

बुधवार निभावला. गुरुवारी काळूरामनं शेजारच्या वाडीतले माड उतरवायला घेतले, आणि विनिता घरी परतून बूट काढते तोच विघ्नेशनं फोन तिच्यासमोर धरला. 'अभिनंदन! आज तुम्ही छत्तीस मजले चढलात.'

"नंदाखालला छत्तीस मजले?" तो शांतपणे म्हणाला. तो शांत झाला की विनिताला जास्त भीती वाटते. "विनू, आपण सातव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद असली की तू तिसऱ्यावर बसून घेतेस."

"सॉफ्टवेअर बिघडलं असेल."

"अठरा हजारांचं?"

काकांना बोलावण्यात आलं. काकांनी चष्मा लावून आकडा बघितला, वही काढली, लिहून घेतला. "अख्ख्या गावात उंच म्हणजे चर्चचा मनोरा. तो धरला, तरी इतक्यांदा कोण चढू देईल? नाही. एक तर मीटर बिघडलंय, नाहीतर मधेच कुणीतरी जोडणी घेतलीय." त्यांनी चष्म्यावरून विनिताकडे पाहिलं. तिनं ठकीकडे पाहिलं. ठकीनं आजीकडे पाहिलं. यमुनाबाई विनिताच्या गालाकडे बघत होत्या.

शुक्रवारी काळूरामला सुट्टी होती आणि विनिताच्या झोपेलाही. त्या दिवशी तिनं ठरवलं, बस झालं. सोमवारपासून खरंच धावायचं, छत्तीस मजले नाहीत तर निदान तिसऱ्यापर्यंत तरी. फळ्यावरचं नाव आपलं, पाय दुसऱ्याचे, हे तिलाच खाऊ लागलं होतं. पण हा तास गेला तर आपलं काय होईल, याचा विचार करताना तिनं परवा चहात मीठ घातलं होतं आणि ठकीचं टोपडं फ्रीजमध्ये ठेवलं होतं. म्हणून शनिवार एवढा शेवटचा. शनिवारी मन भरून झोपून घ्यायचं.

ती खाटेवर पडली ती सहा पस्तीसला. पुढचं सगळं तिला नंतर कार्मिनमावशीनं सांगितलं, कारण ते घडलं तेव्हा ती हजर असून नव्हती.

काळूराम माडावरून उतरत होता. शेवटचं पुरुषभर अंतर उरलं की तो खाली उडी टाकायचा, तशी त्यानं टाकली. मनगट थरथरलं. घड्याळानं विचारलं, 'तुम्ही पडलात असं वाटतं. ठीक आहात ना?' काळूरामला अक्षरं वाचता येत नव्हती, पण कुणी तरी काळजीनं काही विचारतंय एवढं कळलं. "बरं हाय, बरं हाय," त्यानं घड्याळाला सांगितलं आणि पुढच्या माडावर चढला. एवढं महागाचं सॉफ्टवेअर, पण त्याला नंदाखालची बोली कळली नाही. मिनिट संपलं.

इकडे बोळिंजला, घरी, विघ्नेशचा फोन किंचाळला. 'विनिता उंचावरून पडल्या असण्याची शक्यता आहे. कृपया तातडीनं पोहोचा.' विघ्नेश हाफपँटवर, काखेत ठकी, पायात एक चप्पल आपली आणि एक आईची, असा जिन्यावरून धावला. मागे यमुनाबाई, हातात खिमटाचा डाव तसाच. खाली काका पाण्याच्या टाकीची पातळी बघत होते, तेही रिक्षात चढले. रिक्षात यमुनाबाई एकसारख्या बोलत होत्या. "मीच म्हटलं अंग जड होतं. मीच. काय जड होतं तिचं? हाडं तेवढी राहिलीत. मजल्यांवरून पळवलं रे तिला आपण!" विघ्नेश नकाशातल्या ठिपक्याकडे बघत होता आणि ठिपका हलत नव्हता.

वाडीत शिरल्यावर तो ठिपक्यामागे धावला. केळींतून, पाटावरून, एका माडाखाली येऊन थांबला. फोन म्हणत होता, विनिता इथेच आहे. इथे कुणी नव्हतं.

"विनू!" तो ओरडला. आवाज फाटला त्याचा.

"ओ भाऊ, वरडू नका!" उत्तर वरून आलं. "ताई निजल्यात!"

सगळ्यांनी माना वर केल्या. झावळ्यांत काळूराम, कमरेला कोयता, मनगटावर अठरा हजार रुपये. तो मोकळ्या हातानं वाडीतल्या घराकडे बोट दाखवत होता.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, वही काढली आणि लिहिलं. नंतर विनितानं ती नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. 'मीटर ठीक. जोडणी दुसऱ्याच्या नावावर.'

खाटेवर विनिता झोपली होती. तोंड उघडं, एक गाल काथ्यावर, केसांत केळीचं वाळकं पान. ओरडायला म्हणून विघ्नेशनं घेतलेला श्वास आतच राहिला. ठकीनं आईला बघितलं, आई झोपली आहे हे बघितलं, आणि जन्मजात विद्येनुसार तोंड उघडलं. कार्मिनमावशी कुठून आली कुणास ठाऊक, तिनं ठकीच्या मुठीत अख्खं सुकेळं दिलं. उघडलेलं तोंड त्यावर मिटलं.

यमुनाबाई मात्र विनिताच्या पायाकडे बघत होत्या. झोपेतही तिचा उजवा पाय हलत होता. जरा पुढे, जरा मागे. अंगठ्याला दोरी बांधून पाळणा हलवावा तसा. दोरी नव्हती, पाळणा इथून चार किलोमीटरवर होता, पाय हलतच होता. विघ्नेश लहान असताना यमुनाबाईही याच पायानं पाळणा हलवत आणि दोन्ही हातांनी तांदूळ निवडत बसायच्या. रात्री दोरी सोडल्यावरसुद्धा त्यांचा अंगठा हलत राहायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या, डाव खाली ठेवला आणि विनिताच्या पावलावर हात ठेवला. जरा वेळानं पाय थांबला.

विनिताला जाग आली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. ओटीवर सगळं घर बसून चहा पीत होतं, आणि पायाशी सासूबाई. ती ताडकन उठून बसली. "आत्ताच धावून आले," ती म्हणाली.

"दिसलं," यमुनाबाई म्हणाल्या. "खूप लांब गेली होतीस. बस. दम घे."

विघ्नेश काळूरामशेजारी बसला होता. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्यानं विचारलं, "तुम्ही कधी खरंच पडलात का हो?"

"दोनदा. एकदा पाठीवर पडलो. सकाळचा पडलो, दुपारपातूर कुनाला ठावंच नवतं."

विघ्नेश घड्याळ काढून घ्यायला म्हणून त्याच्याजवळ बसला होता. त्यानं काळूरामचा पट्टा एका भोकानं घट्ट केला. बटण कुठलं दाबायचं, ते दाखवलं. मग दावे तपासणाऱ्या माणसाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाला, "पडलात, तर माझा फोन वाजेल. मी येतो."

सोमवारपासून नवी पद्धत सुरू झाली. ती इतकी सोपी होती की ती कुणाला आधी सुचली नाही याची सगळ्यांनाच लाज वाटली. सकाळी आईला घराबाहेर काढण्याऐवजी ठकीला काढायचं. विनिता घरात झोपते. यमुनाबाई ठकीला घेऊन सोसायटीच्या बागेत बसतात, आणि विघ्नेशचा फोन तेवढा वेळ त्यांच्याकडे असतो, काळूरामसाठी.

घड्याळावरचं नाव बदलायला तीन फॉर्म आणि एक प्रतिज्ञापत्र लागतं असं कळल्यामुळे ते विनिताचंच राहिलं. काकांना सगळं ठाऊक आहे, पण मोहिमेचे सभासद परत दोनावर येतील म्हणून त्यांनी फळा पुसलेला नाही.

परवा बी विंगच्या एका बाईनं बागेत विचारलंच. "काय हो, तुमची सून हल्ली धावताना दिसत नाही ती?"

यमुनाबाईंनी ठकीला मांडीवर सावरलं, फोन जरा लांब धरून वाचला आणि सातव्या मजल्यावरच्या मिटलेल्या खिडकीकडे पाहिलं.

"आत्ता बाविसाव्या मजल्यावर आहे," त्या म्हणाल्या. "हळू बोला जरा. उतरली की सांगते."